दोरीवरची कसरत आणि एकच फासा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रे रंगवण्याच्या खेळाच्या आजच्या डावात माझे पात्र असलेली चोर उमरावाच्या मेजवानीत, दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या दोरीवरून चालत गेली. पाहुण्यांच्या नजरा वर खिळलेल्या असताना तिच्या साथीदाराने तिजोरीची किल्ली लांबवायची, असा आमचा बेत होता. डीएमने (डाव चालवणाऱ्या सूत्रधाराने) तिच्यासाठी आधी ॲक्रोबॅटिक्सचा (कसरतीचा) आणि मग परफॉर्मन्सचा (सादरीकरणाचा), असे दोन रोल, म्हणजे फाशाच्या दोन फेकी, मागितले. डाव रंगला, तरीही ही दोन रोलची पद्धत मला पटलेली नाही.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत ॲक्रोबॅटिक्स डेक्स्टेरिटीवर (चपळाईवर) आणि परफॉर्मन्स करिस्मावर (व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावावर) चालते. माझी चोर तिसऱ्या लेव्हलची आहे. डेक्स्टेरिटी १६ आणि प्रावीण्य असल्यामुळे तिला ॲक्रोबॅटिक्सवर +५ मिळतात, पण करिस्मा १० असल्यामुळे परफॉर्मन्समध्ये प्रावीण्य असूनही +२ वरच भागवावे लागते. डीसी, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावरचा आकडा आणि हे गुण मिळून गाठायचा आकडा, १५ धरला, तर पहिला रोल जमण्याची शक्यता ५५ टक्के, दुसरा जमण्याची ४० टक्के आणि दोन्ही जमण्याची अवघी २२ टक्के उरते. जिची सारी हयात कसरतींचे खेळ करण्यात गेली, तिचा खेळ पाचांतून जवळजवळ चार वेळा फसावा, हे त्या पात्रावर अन्याय करणारे आहे.

माझ्या मते रोल एकच असावा आणि पणाला काय लागले आहे, यावरून तो ठरावा. खाली दरी आणि मागे शिपाई असतील, तर प्रश्न तोल सांभाळण्याचा आहे, तिथे ॲक्रोबॅटिक्सच हवे. मेजवानीत मात्र दोरी ओलांडणे हे तिचे रोजचे काम आहे. मधोमध थांबून, पाय निसटल्याचा भास निर्माण करून, एका गुडघ्यावर झुलत तिने सगळ्यांचा श्वास रोखून धरला, तेव्हा तिचा तोल गेलेलाच नव्हता. ते निसटणे हाच खेळ होता. अशा वेळी परफॉर्मन्सचा रोल डेक्स्टेरिटीवर घ्यावा. कौशल्याला वेगळ्या क्षमतेची जोड देण्याचा पर्यायी नियम पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमपुस्तकातच आहे. रोल फसला, तर ती पडणार नाही, फक्त पाहुणे पुन्हा गप्पांकडे वळतील, आणि मला हे अपयश पडण्यापेक्षा कितीतरी अधिक नाट्यमय वाटते.

जुन्या नियमांनीही हे ओळखले होते. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत टंबल (कोलांट्या मारणे) या कौशल्यानेच प्रेक्षकांचे मनोरंजन करता येत असे. पाथफाइंडर या अशाच वेगळ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत तर परफॉर्मन्सऐवजी ॲक्रोबॅटिक्सचा रोल करू देणारी स्वतंत्र फीट (पात्रासाठी निवडायची खास क्षमता) आहे.

राहिला प्रश्न पहारेकऱ्यांचा. खेळ रंगला, तर त्यांच्या परसेप्शनवर (आजूबाजूचे टिपण्याच्या कौशल्यावर) डिसॲडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरण्याचा तोटा) यावा, म्हणजे पॅसिव्ह परसेप्शन (फासा न टाकता धरला जाणारा आकडा) ५ ने उतरेल आणि किल्ली चोरणाऱ्या साथीदाराला दोरीवरच्या कसरतीचा थेट फायदा मिळेल. पुढच्या डावाआधी मी डीएमपुढे हेच मांडणार आहे.