बक्षीस मेहनतीला की मार्कांना? तुम्ही विचारलंत म्हणून

दर पालकसभेला हाच प्रश्न असतो: "बाई, बक्षीस मेहनत करणाऱ्याला द्यायचं की मार्क मिळवणाऱ्याला?" उत्तर काहीही दिलं तरी निम्मा वर्ग नाराज होतो. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

चौथीतल्या एका मुलीची वही बघा. भागाकाराची चाळीस उदाहरणं, अक्षर सुरेख. ६१२ भागिले ६, उत्तर १२. ८२४ भागिले ८, उत्तर १३. पहिल्या उदाहरणात सहाला सहाने भाग गेला, १ खाली घेतला. एकाला सहाने भाग जात नाही, तिथे वर शून्य द्यायचं. ते न देता तिने थेट २ खाली घेतले. चाळीसही वेळा तेच. खाली लाल शाईत "छान प्रयत्न", आणि वर्षअखेर 'प्रयत्नशील विद्यार्थिनी' प्रमाणपत्र. दोन्हीवर सही माझी. वार्षिक परीक्षेत तीच चूक. आईने विचारलं, "शाबासकी दिलीत, मग श्रेणी क-२ कशी?" मूल राबलं, आणि राबून चूक पक्की झाली. ती शाबासकी नव्हती, माझं दुर्लक्ष होतं.

मग मार्कच बरे? तेही नाही. दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता, २०१९ ला ७७.१० टक्के. त्या वर्षी भाषा विषयांचे अंतर्गत २० गुण काढले होते. मुलं वर्षभरात आळशी झाली नव्हती.

अमेरिकेत अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांनी हेच मुलांना पैसे देऊन तपासलं. न्यूयॉर्कमध्ये चाचणीतल्या गुणांवर पैसे दिले, गुण हलले नाहीत. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना पुस्तकामागे २ डॉलर दिले, तिथे वाचन सुधारलं. पण नुसतं पुस्तक उघडून पैसे मिळत नव्हते. त्यावरच्या प्रश्नांत ८० टक्के लागत.

म्हणून आता मी दुरुस्तीला बक्षीस देते. पेपर हातात पडल्यावर तीन दिवसांत चुकलेलं उदाहरण पुन्हा सोडवायचं, कुठल्या पायरीवर घसरलो ते एका ओळीत लिहायचं, तशीच दोन नवी उदाहरणं स्वतः तयार करायची. आठवड्याने एक उदाहरण फळ्यावर, माझ्यासमोर. हे फळ्याचं गाळलं की वह्या घरची मोठी भावंडं भरतात. पन्नास मुलं असतील तर रोज दहाच घ्या. सगळी एका दिवशी घेतलीत तर न बघता नुसत्या बरोबरच्या खुणा होतात.

राहिला तो पहिल्याच खेपेला सगळं बरोबर सोडवणारा मुलगा. त्याची दुरुस्तीची वही कोरीच असते. त्याला अवघड उदाहरणं दिली तर तो विचारतो, "बाई, मलाच जास्त अभ्यास का?"