तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी भोकं मारली, मग तांबं लागलं का नाही?

लग्नात पंगतीला बसलो की, खानापूरच्या बाजारात भाजी घेताना, कधी बेळगावच्या बसमध्ये शेजारच्या सीटवरून हा प्रश्न येतोच. "काय ओ सर, तुमची कंपनी तिकडं इतकी वर्षं होती. मशिनं लावली, भोकं मारली, पेट्या भरभरून दगड नेला. मग तांबं लागलं काय नाही? नाही लागलं तर एवढा पैसा कोण कशाला घालतंय?" विचारणाऱ्याच्या मनात आणखी एक गोष्ट असते, ती तो बोलत नाही: लागलं असणार, पण दडवलंय.

मी भूवैज्ञानिक आहे. तांब्याचे नवे साठे शोधणाऱ्या एका लहान कंपनीत नोकरी केली. काम आपल्या बेळगाव जिल्ह्यात नव्हतं, चित्रदुर्गच्या पट्ट्यात होतं. तिथं इंगळधाळला तांब्याची जुनी खाण आहे आणि पूर्वीच्या लोकांनी खणल्याच्या खुणाही आहेत. जिथं एकदा सापडलं त्याच्या आसपास पुन्हा बघायचं, हा या धंद्याचा पहिला नियम.

उत्तर एका वाक्यात द्यायचं तर: लागलं, पण खाण होण्याएवढं नाही. या उत्तरानं कुणाचंच समाधान होत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बेळगावच्या माणसाला खनिज म्हटलं की इंडालचा ॲल्युमिनियमचा कारखाना आठवतो. ॲल्युमिनियम ज्यातून काढतात ते बॉक्साइट इथल्या पठारांवर जांभ्या दगडाबरोबर वरच पडलेलं असतं. डोळ्यांना दिसतं, वरची माती काढली की खणता येतं. त्यामुळं आपल्याकडं अशी समजूत झालीय की खनिज एकतर असतं नाहीतर नसतं, आणि असलं तर ते दिसतंच. तांब्याचं तसं नाही. वर दिसतो तो बहुतेक वेळा नुसता गंजलेला, तांबूस-तपकिरी दगड. खाली गंधकाबरोबर बांधलेलं तांबं असलं, तर त्याच्याबरोबरचं लोखंड वर येईपर्यंत असं गंजून जातं. पण खाली तांबं अजिबात नसलं, नुसतं लोखंड आणि गंधक असलं, तरीही वरचा दगड असाच दिसतो. म्हणून आधी ओढ्यातला गाळ चाळून नमुने घ्यायचे, मग शेताच्या बांधाबांधानं माती घ्यायची, मग चर खणायचे, मग जमिनीत वीज सोडून खालचा दगड ती किती वेळ धरून ठेवतो ते मोजायचं. एवढं सगळं जुळलं तरच ड्रिलिंगचं मशीन लावायचं, कारण एकेका मीटरला हजारो रुपये जातात.

त्या विजेच्या मोजणीबद्दल सांगायलाच हवं. धातूचे गंधकयुक्त कण असलेला दगड वीज थोडा वेळ साठवतो. आमच्या एका जागेवर नकाशात असा ठळक डाग उठला होता की ऑफिसपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे आनंदात होते. मशीन लागलं, पाळ्या ठरल्या, रात्रीही काम चालू. मशीनमधून दगडाचे लांब गोल कांडे बाहेर येतात, त्यांना आम्ही कोअर म्हणतो. त्या खोलीवरचा कोअर नळीतून बाहेर सरकला तो काळाकुळकुळीत. हातात घेतला तर बोटं काळी झाली. ग्राफाइट. पेन्सिलीत असतं तेच. तेही वीज तसंच धरतं, आणि धारवाडच्या जुन्या शिस्ट या पापुद्र्यापापुद्र्यांच्या दगडांत ते पुष्कळ सापडतं. वरून करायच्या तपासण्या सगळ्या नीट झाल्या होत्या. खाली काय आहे हे भोक मारल्याशिवाय कळणारच नव्हतं.

दुसऱ्या एका भोकात मात्र चाल्कोपायराइट लागलं. पितळेसारखं पिवळं, कोअरवर पाणी मारलं की आणखी झळकतं. तांब्याचं हे मुख्य खनिज, शुद्ध असलं तर त्यात सुमारे ३४.६ टक्के तांबं असतं. पण ते दगडात बारीक शिरांनी पसरलेलं होतं. कोअर करवतीनं उभा चिरतात, अर्धा प्रयोगशाळेत जातो, अर्धा पेटीत राहतो. प्रयोगशाळेची चूक पकडता यावी म्हणून मध्येमध्ये आधीच माहीत असलेले नमुने घुसडतात. आकडे आले तेव्हा कळलं की शीर बारीक, खोल आणि तुटक आहे.

इथं हिशेब समजून घ्या. एक टक्का तांबं म्हणजे टनामागं दहा किलो. मध्य प्रदेशातल्या मलांजखंडला साधारण याच प्रतीचा दगड आहे आणि ती देशातली मोठी खाण आहे, कारण तो दगड तिथं प्रचंड प्रमाणात एका ठिकाणी आहे. त्याच प्रतीची हातभर रुंदीची शीर दोनशे मीटर खाली असली, तर ती काढायला जाईल त्याहून कमीच पैसा हाती येईल. म्हणून "लागलं" आणि "खाण निघाली" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जगभर या धंद्यात असंच म्हणतात की हजार जागा बघितल्या तर एखादीच खाण होते. ती झाली तरी शोधापासून पहिला ट्रक निघेपर्यंत दीड-दोन दशकं सहज जातात.

मग पैसा कोण घालतं? लहान कंपनीकडं खाण नसते, विक्री नसते. शेअर घेणाऱ्यांचा पैसा असतो आणि तो भोकाभोकानं संपतो. मोठी कंपनी अशा जागी फार थांबत नाही. मंगोलियातली ओयू तोल्गोई ही जागा बीएचपीसारख्या बलाढ्य कंपनीनं थोडी उथळ भोकं मारून सोडून दिली. २००० साली आयव्हनहो माइन्स या त्या वेळच्या लहान कंपनीनं ती घेतली, चिकाटीनं आणखी खोल भोकं मारली आणि २००१ मध्ये जगातल्या मोठ्या तांबे-सोने साठ्यांपैकी एक तिथं सापडला. लहान कंपन्या हव्यातच असं मी म्हणतो ते यासाठी. तितकंच खरं हेही, की याच जातीच्या ब्रे-एक्स नावाच्या कॅनडाच्या कंपनीच्या इंडोनेशियातल्या नमुन्यांत सोन्याची पूड मिसळली गेल्याचं १९९७ मध्ये उघड झालं आणि हजारो गुंतवणूकदार बुडाले. तुमच्या मनातला संशय उगाच नाही. पण तिथं नसलेलं असल्याचं दाखवलं होतं. असलेलं दडवून लहान कंपनीला काहीच मिळत नाही. सापडलं असं दाखवता आलं तरच तिला पुढचा पैसा मिळतो.

आपल्या देशात आणखी एक अडचण होती. १९५७ च्या खाण कायद्यात शोध घेणाऱ्याला पुढं खाणपट्टा मागताना अग्रहक्क असायचा. बळ्ळारीत लोखंडाची जी लूट झाली, ती २०११ च्या लोकायुक्त अहवालानं सगळ्यांसमोर आणली. पुढं २०१५ च्या दुरुस्तीनं खाणपट्टे लिलावानंच द्यायचं ठरलं. लोखंडासाठी ते योग्यच होतं, डोंगर समोर उभा आहे, बोली लावा. पण तांबं आधी शोधावं लागतं, आणि मी शोधायचं अन् लिलावात दुसऱ्यानं घ्यायचं म्हटल्यावर शोधणार कोण? माझ्या मते आठ वर्षं इथंच वाया गेली. २०२३ च्या दुरुस्तीत तांबं, सोनं, जस्त, निकेल यांसारख्या २९ खनिजांसाठी अन्वेषण परवाना, म्हणजे नुसता शोध घेण्याचा परवाना, आला. १,००० चौरस किलोमीटरपर्यंत क्षेत्र मिळतं, तीन वर्षांनी त्यातलं २५ टक्क्यांपर्यंतच ठेवता येतं, आणि पुढं त्या जागेच्या खाणपट्ट्याचा लिलाव झाला तर त्यातल्या रकमेचा वाटा शोधणाऱ्याला मिळतो. उशिरा का होईना, दिशा बरोबर आहे. पंपाची मोटर रिवाइंड करायला गेलात की तांब्याचा भाव तुम्हाला कळतोच, आणि शेतातली केबल चोरीला का जाते हेही. देशाच्या कारखान्यांना लागणाऱ्या कच्च्या मालापैकी फारच थोडा आपल्या खाणींतून येतो, बाकी बाहेरून आणतो.

"मग आपल्याकडं बघा की," असं पुढचं वाक्य असतंच. हलशीला कदंबांचे ताम्रपट सापडले, म्हणजे इथं तांबं असणार, असंही एकानं मला सांगितलं. ताम्रपटाचं तांबं कुठूनही आलेलं असू शकतं. दगड काय सांगतो ते बघू. निपाणी, चिकोडीकडं काळा बेसॉल्ट आहे. गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गला कलादगीचे वाळूचे आणि क्वार्टझाइटचे दगड आहेत. कित्तूरच्या बाजूला आणि आपल्या खानापूर तालुक्याच्या काही भागांत जुने धारवाडी दगड उघडे पडतात. बघण्यासारखं काही असलं तर या जुन्या दगडांत. त्यातही भीमगडचं जंगल, म्हादईचा उगम आणि कणकुंबीचं मलप्रभेचं पाणी आहे. तिथं मशीन लावू नये असं मला मनापासून वाटतं, खाली काहीही असो.

विहीर खणताना हिरवा दगड लागला की लोक मोठ्या आशेनं घेऊन येतात. निपाणीकडच्या एका शेतकऱ्यानं रुमालात बांधून आणला होता. बेसॉल्टच्या पोकळ्यांत हिरवट मऊ थर असतो तो सेलॅडोनाइट, मातीसारखं मऊ खनिज, त्यात तांबं नसतं. मी त्यांच्यासमोरच तपासून दाखवलं. त्या दगडावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला, काही झालं नाही. मग माझ्याकडचा चित्रदुर्गचा मॅलाकाइटचा, म्हणजे तांब्याच्या हिरव्या खनिजाचा, तुकडा घेतला. त्यावर थेंब टाकताच तो फसफसला. तो हिरवा थेंब घासून स्वच्छ केलेल्या चाकूच्या पात्यावर घेतला, तर थोड्या वेळानं पात्यावर तांबडा लेप चढला. ते बराच वेळ पातं निरखत राहिले. "म्हणजे आमच्यात नाही," एवढंच बोलले, पण मान्य केलं. कुणी समोर बसून दाखवलं की लोक नकारही स्वीकारतात. कंपनी काहीच न सांगता निघून जाते, तेव्हा दडवल्याचा संशय उरतो.

माझी खरी तळमळ इथं आहे. आमच्या कंपनीचा पैसा संपला तेव्हा कोअरच्या पेट्या एका भाड्याच्या शेडमध्ये राहिल्या. वाळवीनं लाकूड खाल्लं, पेट्या बसल्या, किती मीटर खोल ते लिहिलेले ठोकळे एकमेकांत मिसळले. कुठल्या भोकाचा, किती मीटरचा, हे गेलं की कोअर म्हणजे रस्त्यावर टाकायची खडी. रिकाम्या निघालेल्या भोकाचीही किंमत असते. इथं ग्राफाइट आहे हे पुढच्या माणसाला कळलं तर त्याचा पैसा आणि गावाचा त्रास दोन्ही वाचतात. ओयू तोल्गोईला आधीच्या भोकांची माहिती हाती होती, म्हणून पुढं कुठं खोल जायचं ते ठरवता आलं. सरकारनं डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान माहितीचं भांडार सुरू केलं, फार चांगलं केलं. पण ते संगणकावर आहे. ज्याच्या शेतात भोक मारलं त्याला एका कागदावर, चित्रदुर्गला कन्नडमधून आणि आपल्याकडं कन्नड-मराठी दोन्हीतून, काय सापडलं आणि काय नाही हे मिळायलाच हवं. मी हे तेव्हाही मांडत होतो, आजही मांडतो.

तेव्हा उद्या खरंच कुणी तुमच्या शिवारात मशीन घेऊन आलं, तर परवान्याची प्रत मागा. पिकाच्या आणि वाटेच्या नुकसानीचं आधी लिहून घ्या. बरेच जण म्हणतात, तेच भोक आम्हाला बोअरवेल म्हणून सोडा. ते जमत नाही, कारण ते जेमतेम तीन इंचांचं असतं, आपला नेहमीचा पंप त्यात उतरत नाही. उलट ते सिमेंटनं बुजवून घ्या, नाहीतर जनावराचा पाय अडकतो आणि वरचं घाण पाणी खाली उतरतं. भोकाचा नंबर वहीत लिहून ठेवा आणि त्या नंबरचा निकाल मागत राहा. आणि विहिरीतला दगड माझ्याकडं जरूर आणा, फक्त कुठल्या सर्व्हे नंबरातला आणि किती फुटांवरचा, ते चिठ्ठीवर लिहून त्याच पुडीत ठेवा.