सीडी सरकारी, पेन ड्राइव्ह चोरटा

सोलमध्ये मी दुभाषी आहे. एरवी काम कारखान्यांच्या बैठकांचं, करारमदारांचं. पण गेल्या हिवाळ्यात पुण्याहून आलेल्या एका पत्रकार बाईंसाठी उत्तर कोरियातून निसटून आलेल्या एका मावशींची मुलाखत मराठीत करून दिली. तो दिवस काही केल्या मनातून जात नाही.

मावशी सीमेजवळच्या, नदीपलीकडे चीन. तिथूनच दक्षिण कोरियाच्या मालिका लपूनछपून यायच्या. सीडीच्या काळात तपासणी पथक आधी वस्तीची वीज तोडायचं, मग घरात शिरायचं. वीज गेली की सीडी प्लेअरमध्येच अडकायची आणि पुरावा आयताच हाती लागायचा. पुढे चिनी बनावटीचा, बॅटरीवर चालणारा 'नोटेल' नावाचा प्लेअर आला. त्यात सीडीही चालते, पेन ड्राइव्हही. मावशींनी टेबलावर हातांनी करून दाखवलं. आत सरकारी सीडी घालून ठेवायची, बघायचं पेन ड्राइव्हवरचं. दार वाजलं की पेन ड्राइव्ह उपसायचा. प्लेअर गरम का, असं विचारलं तर बोट सीडीकडे!

आवडती मालिका कोणती, या प्रश्नावर त्या अडखळल्या. हाती यायचे ते सुटे भाग, बरेचदा मधलेच. शेवट काय झाला असेल यावर बहिणी-बहिणींत दबक्या आवाजात वाद चालायचे.

चकचकीत घरं, गाड्या यांवर त्यांचा विश्वासच नव्हता. तो सगळा देखावा असणार, असं शाळेपासून शिकवलेलं. पण एका भागात नायिका घरात भांडते आणि तडक बस पकडून दुसऱ्या शहरी जाते. वाटेत कुणी प्रवासाचा परवाना मागत नाही. उत्तरेत दुसऱ्या प्रांतात जायचं तर परवाना लागतो. मावशी म्हणाल्या, ते दृश्य मी पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. हे मराठीत सांगताना माझाच आवाज कापरा झाला.

डिसेंबर २०२० च्या कायद्याने अशा मालिका बघणाऱ्याला १५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, मोठ्या प्रमाणावर वाटणाऱ्याला थेट देहदंड. बसमध्ये बसलेली एक बाई पाहिली म्हणून पंधरा वर्षं! माझा संताप अजून शमलेला नाही.

मावशींची धाकटी बहीण अजून तिकडेच आहे. म्हणून संध्याकाळी आम्ही तिघी मजकूर घेऊन बसलो आणि गावाचं नाव, नदी ओलांडल्याचं वर्ष, पेन ड्राइव्ह देणाऱ्याचा धंदा, सगळं खोडून टाकलं. फोटो काढलाच नव्हता.