जुना व्हर्बेना : जमिनीला टाचलेला वाफा, नोंद तिसरी

'रॉबिन्सन्स डिफायन्स' आणि 'पर्पल किंग' ही व्हर्बेना या फुलझाडाची एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधली नावाजलेली वाणं बियांवर टिकणारी नव्हतीच. दक्षिण अमेरिकेतल्या शेंदरी फुलांच्या पेरुव्हियाना या व्हर्बेनाच्या जातीचा तिकडच्याच इतर जातींशी संकर होऊन ती झाली. अशा संकराची बी पेरली की प्रत्येक रोप वेगळं निघतं. म्हणून तिथले माळी ऑगस्टमध्ये छाट कलमं करत, ती हिवाळाभर काचेखाली जपत आणि वसंतात त्यांच्याच शेंड्यांची पुन्हा कलमं लावत. एका वर्षी ही साखळी तुटली की वाण संपलं. त्यामुळे पाकिटावर जुनं नाव दिसलं तरी बियांतून तेच वाण येईल असं धरू नका.

म्हणून आपल्या वाफ्यासाठी रिजिडा ही व्हर्बेनाची जात निवडली. तेव्हा त्याला 'व्हेनोसा' म्हणत. मूळ जात असल्याने बियांतूनही तो तसाच येतो. सफोकमधल्या श्रबलंड पार्कमध्ये डोनाल्ड बीटनने याच जांभळ्या फुलांत पांढऱ्या कडेच्या पानांचं जिरेनियम मिसळून धूपछाँव रेशमासारखा वाफा केला होता. रंगांची इतकी नाजूक जाण आजच्या वाफ्यांत क्वचितच दिसते.

पेरणी : बी आठवडाभर फ्रीजमध्ये. दोन भाग वाळू, एक भाग चाळलेलं पानांचं खत. आधी भिजवा, निथळू द्या, मग पेरा आणि वर काळा कागद ठेवा, कारण हे बी अंधारात चांगलं रुजतं. पेरल्यावर वरून पाणी घातलं की बी कुजतं. उगवण सावकाश आणि मागेपुढे होते, तीन आठवड्यांत ट्रे रिकामा करू नका.

टाचणी : अंतर ३० सेंमी, एकाआड एक जिरेनियम. फांद्या १५-२० सेंमी झाल्या की शेंडा खुडा, फांदी आडवी करून पेरावर तारेचा यू आकाराचा आकडा रोवा आणि पेरावर चिमूटभर माती टाका. तिथे मुळं फुटतात, बगलेचे फुटवे सरळ वर येतात आणि वाफा भरतो. हे काम दुपारनंतरच करा. सकाळी फांदी पाण्याने ताठ असते, वाकवताच काडकन मोडते.

आता लक्ष भुरीवर, म्हणजे पानांवर पांढरी पूड दिसणाऱ्या बुरशीच्या रोगावर. दाट वाफा, रात्रीचं दव आणि खाली कोरडी मुळं असली की ती येतेच. पाणी मुळाशी द्या. गंधकाची भुकटी तेव्हाही वापरत, पण कडक उन्हात तिने पानं करपतात. रिजिडाचे जमिनीखालचे धुमारे जिरेनियमकडे सरकू लागलेत. पुढच्या आठवड्यात खुरप्याने तोडायचे.