वाणसामानाच्या यादीतलं ग्रीक

वाणसामानाची यादी कोणी जपून ठेवत नाही. सामान आलं, हिशेब जुळला, की ती केराच्या टोपलीत. अशाच एका यादीवर बायबलच्या अभ्यासकांनी मात्र कितीतरी वर्षं भिस्त ठेवली होती.

भानगड ‘एपिऊसिओस’ या ग्रीक शब्दाची. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत तो भाकरीचं विशेषण म्हणून येतो. मत्तय आणि लूक यांची शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रं, आणि तीच प्रार्थना घेऊन चालणारं ख्रिस्ती लेखन सोडलं, तर जुन्या ग्रीकमध्ये त्याचा पत्ताच नाही. मराठी बायबल ‘आमची रोजची भाकर’ म्हणून मोकळं होतं. पण तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिजेन ग्रीकमध्येच वाढलेला. त्यालाही हा शब्द पंडितांकडे सापडला नाही की लोकांच्या तोंडी. शुभवर्तमानकारांनीच तो घडवला असावा, असं त्याचं मत. बायबलचा भाषांतरकार जेरोम याने लॅटिन करताना लूकमध्ये ‘रोजची’ ठेवलं आणि मत्तयमध्ये त्याच शब्दासाठी एक जडजंबाल तात्त्विक विशेषण बनवलं. एकाच भाकरीला दोन न्याय!

‘ऊसिया’ म्हणजे असणं. त्यावरून ‘जगण्यापुरती भाकर’ असं काहीजण म्हणतात. दुसरे ‘येणारा दिवस’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाकडे बोट दाखवतात, म्हणजे ‘उद्याची भाकर आज दे’. मी या दुसऱ्यांच्या बाजूचा. आजचं जेवण झाल्यावरही माणूस झोपण्याआधी पिठाचा डबा उघडून बघतोच की.

तर ती यादी. इजिप्तच्या फयूम भागात पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना मिळालेल्या पपायरसांत, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदांत, घरखर्चाचा एक हिशेब होता. १८८९ मध्ये प्राचीन भाषांचे अभ्यासक ए. एच. सेस यांनी तो वाचून छापला आणि त्यात ‘एपिऊसि…’ अशी अक्षरं निघाली! विद्वान हरखले: म्हणजे हा देवाघरचा नव्हे, बाजारातला शब्द, ‘रोजचा शिधा’ असणार. पुढे मूळ पपायरसच कुठे गेला कळेना, त्यामुळे ताडून बघायची सोय उरली नाही.

१९९८ मध्ये तो अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडला. जाणकारांनी अक्षरं नीट लावली. शब्द होता ‘एलाइऊ’. तेलाचा खर्च.

सेससाहेबांना मी फार हसणार नाही. माझ्या यादीतल्या ‘तीळ’चं तेल करून आमच्या वाण्यानेही एकदा पिशवी पाठवली होती, आणि त्याच्यासमोर तर कागद ताजा होता.