लागुना सेकाच्या चढावरचे ९० डेसिबल

माँटेरेहून सॅलिनसकडे जाणारा ६८ क्रमांकाचा महामार्ग सोडून मी कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका या मोटार शर्यतींच्या ट्रॅकवर माझी गाडी चालवायला त्याच्या फाटकाकडे वळलो, तेव्हा टेकड्यांवर अजून धुके होते. १९५७ पासून चालू असलेल्या या ट्रॅकची ख्याती सुमारे १८ मीटर खाली झेपावणाऱ्या ‘कॉर्कस्क्रू’ या जोडवळणामुळे आहे. माझ्या मनात मात्र त्याच्या अलीकडचा, पाचव्या आणि सहाव्या वळणांमधला चढ घोळत होता, कारण गाड्यांचा आवाज तिथल्या मापनकक्षातून मोजतात.

त्या दिवसाची मर्यादा ९० डेसिबल होती आणि ती ट्रॅकपासून ५० फुटांवर, म्हणजे साधारण १५ मीटरवर मोजली जाणार होती. ट्रॅक माँटेरे काउंटीच्या मालकीचा आहे, आसपास लोकांची घरे आहेत आणि मोठ्या आवाजाला परवानगी असलेले दिवस वर्षात मोजकेच असतात. ही अट मला कधीच जाचक वाटली नाही. शेजाऱ्यांची झोप आणि ट्रॅकचे आयुष्य यांचा संबंध किती जवळचा आहे, हे ट्रॅकवर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने मनापासून मानायला हवे.

तरीही माझी तयारी चुकली होती. निघण्यापूर्वी मी गाडीचा आवाज उभ्या गाडीच्या पद्धतीने मोजला होता: मायक्रोफोन एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात, आणि इंजिन कमाल शक्तीच्या आरपीएमच्या (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) तीन चतुर्थांशावर. ब्रिटनमधल्या कित्येक ट्रॅकवर याच पद्धतीने १०५ डेसिबलची मर्यादा तपासतात, आणि माझा आकडा १०२ आला होता. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने उतरतो. त्या हिशेबाने अर्ध्या मीटरवरचे १०२ हे १५ मीटरवर जेमतेम ७२ व्हायला हवेत. पण उभ्या गाडीत इंजिन फिरवायला थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, थोडाच उघडावा लागतो, तर चढावर तो पूर्ण उघडलेला असतो आणि इंजिनवर सगळा भार असतो. शिवाय हवा आत ओढण्याचा आवाज आणि टायरचा आवाजही त्यात मिसळतो. उभ्या गाडीच्या आकड्यावरून धावत्या गाडीच्या आकड्याचा अंदाज बांधता येत नाही, हे मला तिथे जाऊन कळले.

तिसऱ्याच फेरीत काळा झेंडा, म्हणजे ट्रॅक सोडून पिटमध्ये येण्याचा इशारा, दिसला. पिट लेनमध्ये आकडा सांगण्यात आला: ९२.४. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे मला जवळजवळ अर्धी ऊर्जा कमी करायची होती.

सायलेन्सरमध्ये भरलेली काचतंतूंची लोकर उष्णतेने आणि वायूच्या झोताने हळूहळू झडते, आणि माझी बहुधा बरीच गेली होती. ते काम पिटमध्ये होण्यासारखे नव्हते. हाताशी होते ते बाकदार नळीचे एक जोड, ज्याने एक्झॉस्टचे तोंड मापनकक्षाच्या विरुद्ध बाजूला आणि थोडे खाली वळवता येते. हा उपाय वरवरचा दिसतो, पण तीव्र, उंच पट्टीचा आवाज दिशा धरून जातो, आणि ‘ए’ भारांकन वापरणारा ध्वनिमापक खर्जातल्या घुमण्यापेक्षा त्याच पट्टीला जास्त वजन देतो. नळी बसवल्यावर आकडा ९०.६ आला.

उरलेले काम उजव्या पायाने करायचे होते. कक्षासमोर थ्रॉटल एकदम सोडणे मला पसंत नाही; मागून येणाऱ्याला ते अनपेक्षित असते, आणि सहाव्या वळणाआधी गाडीचा तोल बिघडतो. त्याऐवजी मी पाचव्या वळणातून बाहेर पडतानाच वरचा गिअर टाकू लागलो आणि कमी आरपीएमवर, थ्रॉटल पूर्ण न दाबता चढ चढू लागलो. फेरीमागे थोडा वेळ गेला, पण आकडा ८८.९ वर आला आणि दुपारनंतर माझ्यासाठी एकही झेंडा निघाला नाही.

पुढच्या खेपेआधी सायलेन्सरची लोकर नवी भरून घेईन, आणि मोजणीही वेगळी करीन: परवानगी असलेल्या मोकळ्या धावपट्टीवर टेपने १५ मीटर मोजून ध्वनिमापक घोडीवर ठेवायचा आणि पूर्ण थ्रॉटलवर त्याच्यासमोरून जायचे, एकदा या बाजूने आणि एकदा त्या.