१ कोटी ८ लाखांचा फ्लॅट ८८ लाखांना: रिसेल व्यवहाराचा माझा अनुभव

पुण्यात कर्वेनगरमध्ये रिसेलचा टू बीएचके घ्यायचा, एवढं नक्की होतं. आई वारज्यात, मुलीची शाळा जवळ, त्यामुळे भाग बदलायचा नव्हता. बाजार थंड आहे, मालक खाली येतील, असं जो तो सांगत होता. आम्हाला दिसलं ते वेगळंच. तोच फ्लॅट, तेच फोटो, एजंट तेवढा बदललेला आणि किंमत जागची हललेली नाही. पावसाळ्याआधी पाहिलेली काही घरं दिवाळीनंतरही कुलूपबंदच होती.

मालकांसमोर बसायला लागले तशी कारणं कळत गेली. समोरच्या नव्या प्रोजेक्टचा भाव, हे पहिलं. 'सरकारनेच रेडी रेकनर (सरकारने भागवार ठरवलेला घर-जमिनीचा दर) वाढवलाय', हे दुसरं. एप्रिल २०२५ मध्ये पुणे महापालिका हद्दीत तो सरासरी ४.१६ टक्के वाढला हे खरं आहे. पण मुद्रांक शुल्क किमान कोणत्या रकमेवर भरायचं, ते त्यावरून ठरतं. विकणाऱ्याला तेवढे वाढीव पैसे मिळतीलच असं त्यातून निघत नाही.

तिसरं कारण सगळ्यात जड: 'आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार आहे.' कोथरूड-कर्वेनगरच्या जुन्या इमारतींत हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. मी प्रत्येक ठिकाणी एवढंच विचारायचे, 'नक्की कुठपर्यंत आलंय?' ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. पण त्याशिवाय सल्लागार नेमणं, व्यवहार्यता अहवाल, निविदा, उपनिबंधकांच्या प्रतिनिधीसमोर विकासकाची निवड आणि मग विकसन करार, एवढं सगळं व्हावं लागतं. बहुतेक ठिकाणी सर्वसाधारण सभेत विषय निघाला होता, इतकंच. करार नोंदवलेला असता तर जास्त पैसे द्यायला माझी ना नव्हती. नुसत्या सभेतल्या चर्चेसाठी वीस लाख जास्त देणं मला पटत नव्हतं.

मला खरा आधार मिळाला तो नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरच्या मोफत ई-सर्चचा. वर्ष, जिल्हा, तालुका हवेली, गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की तिथले दस्त दिसतात. गाव महसुली नावाने शोधावं लागतं. कर्वेनगरचं ते हिंगणे बुद्रुक. सर्व्हे नंबर मी एजंटकडून जुन्या कराराच्या पहिल्या पानाचा फोटो मागवून घेतला. साइट मधेच अडकते, कॅप्चा पुन्हा पुन्हा भरावा लागतो, पण चिकाटी सोडायची नाही. इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सारांश, उघडला की 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे दोन आकडे दिसतात. व्यवहार झाला तो मोबदल्याच्या आकड्याला. बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे काढलेलं मूल्य.

आम्हाला आवडलेल्या एका फ्लॅटच्या सोसायटीत, तेवढ्याच क्षेत्राचे दोन फ्लॅट मागच्या दोन वर्षांत गेले होते, एक ८२ लाखांना, दुसरा साडेचौऱ्याऐंशीला. मालक सांगत होते १ कोटी ८ लाख.

मालक म्हणजे निवृत्त काका-काकू, मुलाकडे बंगळुरूला निघालेले. घर नीट राखलेलं, स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा, बाल्कनीत कुंड्या. काकांनी डायरी उघडून हिशोब दाखवला. 'नव्या इमारतीत चौरस फुटाला १५ हजार चाललाय. आपली बिल्डिंग जुनी, म्हणून मी २० टक्के कमी धरले. १२ हजार गुणिले ९००.'

त्यात लबाडी नव्हती. ९०० हे जुन्या करारातलं सेलेबल क्षेत्र होतं, म्हणजे भिंती, जिना वगैरेंचा वाटा धरून. रेरा हा बांधकाम व्यवसायावरचा कायदा आल्यापासून नवा फ्लॅट कार्पेटवर, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या क्षेत्रावर विकला जातो, आणि १५ हजार हा कार्पेटचा दर. काकांच्या घराचं कार्पेट आम्ही त्यांच्यासमोरच टेपने मोजलं, ६४० भरलं. १ कोटी ८ लाखांना ६४० ने भागलं की येतात १६,८७५. कमी धरला असं वाटणारा भाव नव्या इमारतीच्याही वर गेला होता. काका बराच वेळ डायरीकडे पाहत राहिले. काकू म्हणाल्या, 'अहो, म्हणूनच कोणी परत फोन करत नाही.'

मग मी दोन्ही इंडेक्स टू पुढे ठेवले. 'कागदावर कमीच दाखवतात,' काका म्हणाले. हा आक्षेप रास्त आहे, रोखीचे व्यवहार होत आलेत. पण दोन्ही खरेदीदारांनी कर्ज काढलेलं होतं, आणि कर्ज हवं असलेला माणूस सहसा करारातली किंमत कमी दाखवत नाही. शिवाय स्थावर व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१५ पासून मनाई आहे. मी म्हटलं, 'काका, मी पूर्ण चेकने देणार. पण करारातली किंमत आणि बँकेचं मूल्यांकन यांत जे कमी, त्यावरच बँक कर्ज देते. मूल्यांकन ८८ आलं तर ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला ८० टक्के मिळतात. तुमचा आकडा धरला तर वरचे २० लाख आणि ८८ तले उरलेले साडेसतरा मी खिशातून आणायचे. पगारदार माणसाला ते जमत नाही. तुमच्याकडे येणारे सगळे पगारदारच आहेत.'

त्या दिवशी काही ठरलं नाही आणि मी घाईही केली नाही. घर त्यांच्या उभ्या आयुष्याची कमाई होती, आकडा मनातून उतरायला वेळ द्यायलाच हवा होता. फोन काकूंनी केला. ९२ वर सुरू झालं, ८८ वर थांबलं.

विसार पावतीत मी एक अट घालून घेतली: मालकी हक्क किंवा मूल्यांकनामुळे कर्ज नामंजूर झालं तर विसार पूर्ण परत. एजंटने कुरकुर केली, काकांनी लगेच सही केली. बँकेचं मूल्यांकन ८८ लाखच आलं.

पुढचं सरळ झालं. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, पण महिलांना १ टक्का सवलत असते आणि घर एकट्या माझ्या नावावर घेतलं, त्यामुळे ६ टक्के, म्हणजे ५ लाख २८ हजार. नोंदणी फी ३० हजार. हे खर्च बँक कर्जात धरत नाही, ते आधीच बाजूला काढून ठेवा. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने विकणाऱ्याच्या रकमेतून कापायचा १ टक्का आयकर (टीडीएस), ८८ हजार, मी कापून भरला आणि त्याचं प्रमाणपत्र काकांना पाठवलं. सोसायटीने ट्रान्सफर फी २५ हजारांच्या मर्यादेतच घेतली. शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव कमिटीच्या पुढच्या बैठकीत चढेल.